दोन मशिनी, एक आठवण

इतवारी, नागपूर
९ जानेवारी २०२६

चि. अंकुश,
जयभीम. सूनबाई नंदिनीले आशीर्वाद.

आज सगळ्यात आधी मेघाताईच आल्या. मी संत्री सोलून राहिली होती, अन् ह्या पुण्याच्या कंपनीच्या मोठ्या बाई दारात, चप्पल हातात घेऊन. भांडेगल्लीत हातगाडीखाली पट्टा तुटला म्हणे. मागून त्यायच्याच कंपनीचे धर्मेंद्रबाबू, टेम्पोवाल्याशी भांडून लालेलाल. मी म्हटलं, "पहिले तर्री-पोहे खा, मंग माह्या नातीले तपासा."

काम पसंत पडलं तर मिनलले घरूनच पक्की नोकरी. नाही तर तू म्हणतो तसं सावनेरले परत.

तिचं काम तुले समजलं नाही ना? मलेबी नव्हतं. आता ऐक गा. एका कॉम्प्युटरच्या पोटात ते खोट्या मशिनी चालवते, रिस्क-फाइव्ह नावाच्या चिपच्या जातीच्या. मशीनच्या आधी फर्मवेअर नावाचा लहानसा प्रोग्राम उठते अन् तिले सांगते, सिस्टम कुठं ठेवली हाये. त्याच्या फायली दोन. एक पक्की, तिले कोणी हात लावाचा नाही. दुसरी आठवणीची, कुठून सुरू व्हाचं ते तिच्यात राहते.

मेघाताई म्हणे, "दोन मशिनी एकदमच सुरू करून दाखव."

पहिली उठली. दुसरी उठेचना. धर्मेंद्रबाबू घड्याळ पाहून राहिले. मी पोहे वाढाचं विसरली.

मिनल पडद्याकडे पाहत बसली, मंग हसली. "चूक माझीच. रोज एकेकच चालवायचे, म्हणून दोघींना आठवणीची फाईल एकच दिली. पहिलीनं धरून ठेवली, दुसरीला मिळेना." तिनं दुसरीले वेगळी करून दिली. तेबी उठली.

"लपवलं नाहीस, हे आवडलं," मेघाताई म्हणे.

मी म्हटलं, "आमच्या घरी मिठाचा डबा एक अन् चुली दोन. पोरगी तेच शिकली." धर्मेंद्रबाबूबी हसले, अन् पोहे दुसऱ्यांदा घेतले.

बँकेची नोकरी सोडली म्हणून तू दिवाळीपासून तिच्याशी बोलला नाही. मी कोण्याच पत्रात ते काढलं नाही. हट्टी स्वभाव तुम्हा बापलेकीचा एकच, तो काही बदलाचा नाही. आठवण मात्र ज्याची त्याची. तुले सोडलेली नोकरी आठवते. तिले तुह्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेलं आठवते. काल पोळ्या लाटता लाटता सांगून राहिली होती.

मेघाताई माह्या चपला घालून गेल्या. सोमवारी नोकरीचे कागद अन् चपला घेऊन दोघंबी परत येतो म्हणे.

सावनेरहून निघणारी पहिली बस तुले ठाऊक हाये. सोमवारी.

तुही माय,
जयवंता