नेरिडाने हमी दिली नाही

प्रिय डार्सी,

आपल्या बाबांच्या बोटीचा शोध थांबवला, तेव्हापासून मी तुझा एकही फोन उचललेला नाही. तू घर विकलंस त्याचा राग धरून बसलेय, असं तू मॅजमावशीला म्हणालास म्हणे. राग नाही रे. इथे बर्नीत बेकरीतली नोकरी सुटली. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून दिवसाही पडदे ओढून बसायचे. तू अजून बोट घेऊन शेवंडी धरायला जातोस, हेही मावशीकडूनच कळलं.

बाबा गेले त्याच आठवड्यात भांडी घासताना मागून एक माणूस बोलला, "जपून जा म्हणालीस ना त्यांना? तुझ्या त्या शब्दांनीच गेले." वळून पाहिलं तर कोणी नाही. मग तो रोजचाच झाला. दुकानात, बसमध्ये. तुझा फोन वाजला की सगळ्यात मोठ्याने. शेवटी इस्पितळात राहिले. गोळ्यांनी तो शेजारच्या खोलीत गेल्यासारखा झाला, पण घर सोडून गेला नाही.

तिथून मला नेरिडाकडे पाठवलं. ही बाई औषध देत नाही, बोलते. मला वाटलं, म्हणेल, असं काही नसतं गं. तसं ती एकदाही म्हणाली नाही. तो काय म्हणतो, त्याचा आवाज कधी चढतो, त्याचं ऐकलं नाही तर काय होईल असं वाटतं, हेच विचारत राहिली. जवळचं माणूस गेल्यावर, झोप उडाल्यावर पुष्कळांना आवाज येतात, असं ती म्हणाली आणि मी बाबांसाठी पहिल्यांदा रडले.

मग आम्ही त्याचं म्हणणं तपासायला घेतलं. पडदा उघडलास तर काचा अंगावर येतील, असं तो म्हणायचा. नेरिडा शेजारी बसली, मी उघडला. काचा जागच्या जागी. तो हसला, "आज सोडलं तुला." त्याच्यावर भरवसा किती, शंभरातले किती, असं ती दर वेळी विचारते. आधी मी शंभर सांगायचे. परवा साठ म्हणाले. तिने शाबासकी दिली नाही. "उरलेले चाळीस काय म्हणतात?" एवढंच विचारलं.

त्याची खरी धमकी तिला फार उशिरा सांगितली. तुझ्याशी एक शब्द बोलले, एक ओळ लिहिली, तर तुझी बोट परत येणार नाही. म्हणून फोन उचलत नव्हते, डार्सी. तुला जिवंत ठेवत होते. नेरिडाला म्हटलं, डार्सीला काही होणार नाही अशी हमी दे. ती म्हणाली, "समुद्राची हमी मी कशी देऊ? बोटी बुडतात. तुझ्या शब्दांनी बुडतात का, एवढंच आपल्याला बघता येईल." तेच बघायला हे पत्र लिहिलंय. पश्चिम किनाऱ्याला वादळाचा इशारा आहे, आणि तू तरीही निघशील हे मला माहीत आहे. आत्ता तो अगदी कानाशी आहे. म्हणतोय, "टाक पेटीत. मग बघ." टाकतेय. मिळालं की फोन कर. मी उचलेन.

तुझीच,
टेगन