आईचं कुंपण

विस्कॉन्सिन, ३ नोव्हेंबर

चि. आर्विड यास सिग्नेताईचे अनेक आशीर्वाद.

ॲरिझोनात तू अजून अर्ध्या चड्डीत हिंडतोस हे वाचून मला अजिबात आनंद झाला नाही. इथे ओकांची पानं गळली आणि त्यांच्याखाली माजलेला झुडपी बकथॉर्न तेवढा हिरवागार उभा आहे. लांबूनही ओळखू येतो, म्हणून कापणीचे हेच दिवस. रोज सकाळी करवत आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन राईत जाते. कापलेल्या बुंध्याला लगेच औषध फासलं नाही, तर एकाचे दहा कोंब फुटतात. बोटं इतकी निळी झालीत, की रविवारी चर्चमध्ये कॉफी ओतताना म्हाताऱ्या आल्माने विचारलं, हल्ली शाई पितेस का गं?

अकरा वर्षं झाली रे या कापणीला. एकाहत्तरी गाठली, थकले. आजोबांच्या आधीचे ओक उभे आहेत, पण त्यांच्याखाली ओकाचं एकही रोप नाही. या मेल्या झुडपाच्या सावलीत ते जगतच नाही. म्हातारे पडले की राई संपली. आणि बकथॉर्नचं बी कुठून येतं? घरामागच्या आईच्या कुंपणातून. पाखरं तिथली काळी फळं खातात, त्यांना जुलाब होतात आणि ओकांवर बसून सगळं खाली सोडतात. मी निपटते, ती पेरतात. कुंपण कापू का? तू हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही.

लोभ आहेच, कंबर मात्र उरली नाही.

तुझी
सिग्नेताई

---

टूसॉन, १० नोव्हेंबर

ती. सिग्नेताईस सा. न. वि. वि.

कुंपणाला हात लावू नकोस. बारा वर्षांचा असताना आईच्या वाढदिवसाला मी ती रोपं लावली होती, तुला आठवत असेल. मरेपर्यंत रोज संध्याकाळी ती तिथे खुर्ची टाकून बसायची. त्या घरात माझं म्हणून तिच्याजवळ दुसरं काय होतं?

राई सोडून दे ताई. तुझ्या गुडघ्यांपेक्षा ओक मोठे नाहीत. इकडे ये, अंगणातली संत्री खा. रागावू नकोस, मी तसा नालायक आहेच.

तुझा
आर्विड

---

विस्कॉन्सिन, १६ नोव्हेंबर

चि. आर्विड यास आशीर्वाद.

ठीक आहे, कुंपण राहील. करवत पुसून खुंटीला टांगली. राईत आता जाणार नाही. उगाच किती दिवस घागरीत पाणी ओतायचं, बूड फुटलेलं असताना?

पुढचं लिहिणार नव्हते, पण मनात ठेवून झोप लागेना. आल्मा आईची जुनी मैत्रीण, तिला मी हे सगळं सांगितलं, तर तिने कप खाली ठेवला. म्हणाली, तुझ्या आईला ते कुंपण डोळ्यांसमोर नको असायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ओक दिसायचे, ते त्याने झाकले. दर वर्षी म्हणायची, उपटून टाकते बाई एकदाचं. मग स्वतःच म्हणायची, नको, पोराने लावलंय, सुट्टीत आला की पहिलं तेच बघतो.

वाईट वाटून घेऊ नकोस. तिच्या मायेपुढे इलाज नव्हता, माझ्याही नाही.

तुझी
सिग्नेताई

---

टूसॉन, २१ नोव्हेंबर

ती. सिग्नेताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. मग तिची खुर्ची आठवली. ती कुंपणापाशी नसायचीच. कुंपण जिथे संपतं, त्या कोपऱ्यापलीकडे असायची, राईकडे तोंड करून. मी इतकी वर्षं समजत होतो, ती माझी झाडं बघत बसते.

गुरुवारी दुपारी पोचतो. मी येईपर्यंत करवत खुंटीवरच राहू दे. मी लावलं, मीच कापणार. तू फक्त बाटली घेऊन मागून ये आणि माझं काही चुकलं तर नेहमीसारखी ओरड. तिकडे थंडी असेल, बाबांचा जाड कोट काढून ठेव.

आणि ताई, आईची खुर्ची माळ्यावरून खाली आण. कापून झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवू. पहिली तू बस.

तुझा
आर्विड