आधी मोठं रान

प्रिय सुकन्या,

रागवायचं असेल तर आधी रागावून घे आणि मग वाच. फोनवर हा विषय काढला की तुझ्या तलवाड्याची रेंज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून कागदावर लिहितेय. इथे तुला मध्येच 'बरं, ठेवते' म्हणता येणार नाही.

तू पाठवलेली कॉलेजांच्या पसंतीची यादी पाहिली. अंबाजोगाई, लातूर, नांदेड. संपलं! आणि खाली बाईसाहेबांचं, म्हणजे तुझं, वाक्य: 'मार्क चांगले आहेत, पण मुंबईइतके चांगले नाहीत. उगाच नकार कशाला घ्यायचा?' वाचून मला हसूच आलं. अंबाजोगाईला मी नावं ठेवत नाही, तिथून उत्तम डॉक्टर बाहेर पडतात. पण वरचं कॉलेज मिळालं नाही तर खालचं कुणी काढून घेत नाही, हे गेल्या वर्षी मला कुणी शिकवलं होतं गं?

सटवाकाका दरवर्षी सुगीनंतर मेंढरं घेऊन नेकनूरच्या शिवारात यायचे, ते आठवतंय ना? मेंढरं रात्री रानात बसली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. आमचं रान म्हणजे दीड एकर खडकाळ, पण बाबा काकांची वाट बघत बसायचे. काका मात्र आधी जायचे ते त्रिंबक पाटलांच्या बागायती रानाकडे. पाटील दरवर्षी नाही म्हणायचे. मग त्यांच्याहून लहान रान, मग त्याहून लहान, आणि शेवटी आम्ही. तू लहानपणी बापाचं बोट धरून सोबत जायचीस आणि पाटलांच्या नकारानं तुझं तोंड एवढंसं व्हायचं. काका म्हणायचे, "न्हाई म्हणल्यानं मेंढरू मरत न्हाई. पण आधी बारक्या रानात बसलं की मोठं रान इचारायचं राहूनच जातं." एका वर्षी पाटील चक्क हो म्हणाले. एवढ्या मोठ्या रानाला मेंढरं पुरायची कशी म्हणून काकांना आनंदापेक्षा घामच जास्त फुटला, आणि इकडे मेंढरं आलीच नाहीत म्हणून आमचे बाबा दोन दिवस फुगून बसले. तो फुगा शेवटी काकूंनी पुरणपोळ्या पाठवून फोडला.

गेल्या वर्षी तुझी आई, आमच्या कडूबाईकाकू, गेल्या आणि तुझी परीक्षा राहिली. तरी माझी यादी भरायला तूच बसलीस. मी मुंबई लिहायला तयार नव्हते, कारण माझे मार्कही तुझ्यासारखेच, चांगले पण मिरवण्याजोगे नाहीत. तू माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतलास, मुंबई सगळ्यात वर टाकलीस आणि म्हणालीस, "पंचे, आधी मोठं रान." दुसऱ्या फेरीत नाव लागलं तेव्हा माझ्यापेक्षा तूच जास्त नाचलीस.

आता तिथलं खरं सांगते, गोड करून नाही. मी आमच्या वर्गात शेवटच्या बाकांतली. पहिल्या चाचणीत शरीररचनेत नापास झाले. खोलीतल्या दोघींचे आईबाप डॉक्टर, त्यांच्या जेवणाच्या गप्पासुद्धा मला पुस्तकात शोधाव्या लागायच्या. गावात आपण हुशार म्हणून वाढलो आणि तिथे साधे ठरलो, ते फार लागतं. दिवाळीच्या सुट्टीत मी इथे नेकनूरला येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. अंबाजोगाईला असते तर कदाचित पुढच्या बाकावर असते, मनानंही सुखात असते. असा विचार अजूनही कधीकधी येतो.

पण एक झालं. हळूहळू कुणी कुणाचे मार्क विचारेनासं झालं. प्रश्न विचारायची लाज गेली. आता सुट्टीला घरी यायच्या आधी एका सरांनी सगळ्यांसमोर माझ्या उत्तराला मान डोलावली, एवढंच, पण मी त्या दिवशी दिवसभर हवेत होते. साध्या मुलीनं तिथं जाऊ नये असं मला आता वाटत नाही. आपण तिथं साधे असू, हे आधी पचवून जावं, इतकंच.

पण सुकन्या, तुला हे सगळं कळतं. म्हणून तुझं ते नकाराचं कारण मला पटेना. लहानपणापासून बापामागं फिरून एवढे नकार पचवलेली पोरगी एका मुंबईच्या नकाराला भिईल? तू नकाराला भ्यालीच नाहीस. तू होकाराला भ्यालीस. मुंबई मिळाली तर जावं लागेल, आणि काकांच्या साखरेच्या आजारानं चिघळलेल्या पायाला रोज सकाळी पट्टी कोण बांधणार? मेंढरं तुझे चुलते बंकटकाका सांभाळतील, पण टाचेची जखम कोण धुणार? हे तू मला सांगितलं नाहीस. कुणालाच सांगितलं नाहीस.

तरी एका माणसाला ते कळलं. गेल्या रविवारी काका बाजाराला म्हणून नेकनूरला आले ना, ते बाजारात गेलेच नाहीत. बसमधून उतरले ते थेट आमच्या ओसरीवर. चपला काढल्या, पाय पुढे केला आणि म्हणाले, "पंचे, मला ही पट्टी बांधाया शिकीव. पोरगी माज्या पायापायी थांबली, तर ह्यो पाय बरा होऊन तरी काय कामाचा?" टाच त्यांना दिसेना, तेव्हा आईनं भिंतीवरचा आरसा काढून खाली ठेवला. पट्टी तीनदा सुटली, तीनदा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आज ते पुन्हा आले, मी तपासावं म्हणून. उठता उठता म्हणाले, "माजं ती ऐकायची न्हाई. तू लिही, मी नेऊन देतो." म्हणून हे पत्र. यादी उद्या संध्याकाळपर्यंत बदलता येते. ती उघडण्याआधी, हे पत्र तुझ्या हातात देणाऱ्या माणसाचा पाय बघ. पट्टी जरा वाकडी आहे, पण स्वच्छ आहे आणि सुटत नाही. ती मी बांधलेली नाही.

तुझ्याच हट्टानं मुंबईला गेलेली, तुझीच
पंचशीला