दोरीवरचं धोतर

मलकापूर,
कार्तिक शुद्ध ५, शके १८५६

तीर्थरूप सौ. गोजरताईस धाकट्या कोकिळाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. तू पाठवलेल्या करंज्या वाटेतच मोडल्या, पण चव शाबूत होती. सुट्टी संपून आमची मुलींची शाळा आजच सुरू झाली आणि माझं शिकवणंही. हे पत्र भाऊजींच्या आधी तू एकटी वाच. तुझं वाचन सावकाशीचं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

ताई, मला घर मिळालं. दसऱ्यालाच मिळालं होतं, पण ते टिकेल याची खात्री नव्हती म्हणून कळवलं नाही. कार्तिक सरेपर्यंत कोकिळाचं घर झालं नाही तर तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या रुख्मिणीला चिखलीला तिच्या बापाकडे पोचती करू, असं भाऊजी म्हणाले होते. तेव्हापासून मी तिथीच मोजत होते.

आधी पेठेत हिंडले. दार उघडलं की पहिला प्रश्न, मालक काय करतात? एका म्हातारीनं चहा पाजला, खोली दाखवली, चुलीची जागासुद्धा दाखवली, आणि मालक सोबत नाहीत म्हणताच माझा पेला विसळायच्या आत मला उंबऱ्याबाहेर काढलं. तोवर मी हेडबाईंच्या पडवीत निजत होते.

शाळेची भिंत दुरुस्त करायला शकूर मिस्त्री आले होते. माझी पायपीट पाहून तेच म्हणाले की पेठेचा नाद सोडा आणि रेल्वे फाटकापलीकडे बघा. परवापरवापर्यंत तिथं ज्वारीचं वावर होतं. आता चुन्याच्या रेघा ओढून जागा पाडल्या आहेत आणि महिन्याला तीनचार भिंती उभ्या राहतात. पहाटे जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा कानठळ्या बसवतो, कापसाचे तंतू वरणात उतरतात आणि विहिरीचं पाणी मचूळ आहे. म्हणूनच पेठेत सहा रुपये भाडं तर इथं अडीच. नगरपालिकेनं कंदिलाचा खांब रोवला आहे, कंदील यायचा आहे. दोन वर्षांनी या भावात इथं उभं राहायलाही जागा मिळणार नाही, असं मिस्त्री सांगतात. घरं तेच बांधतात, तेव्हा ते सांगणारच. पण मला ते खरं वाटतं.

घरमालकीण अंबूबाई जातीची वरठीण. स्टेशनातल्या बाबू लोकांचे कपडे धुते. पेठेत हात पोळले होते, म्हणून तिनं विचारायच्या आतच मी सांगून टाकलं की आमचे मालक रेल्वेत आहेत, भुसावळला असतात, अधूनमधून येतात. आणि ते खरं वाटावं म्हणून दर रविवारी विहिरीवर एक धोतर धुऊन दोरीवर वाळत घालू लागले.

ते धोतर भाऊजींचं. श्रावणात तुमच्या उंद्रीहून निघायच्या आदल्या दिवशी, एकटीला पुढेमागे कामी येईल म्हणून, तुझ्या पेटीतून मीच उचललं, अगदी नवं, घडी न मोडलेलं. तू बिचाऱ्या पुंजाजी गड्यावर आळ घेतलास आणि मी तिथं बसून ऐकत राहिले. त्याची माफी माग आणि माझं नाव सांग.

आता दुसरं. यांची दोन पत्रं आली, राग निवळतो आहे, असं मी तुला लिहिलं होतं. एकही पत्र आलेलं नाही. यांनी दुसरी आणून वर्ष झालं, ते कशाला लिहितील? तू जमवलेलं लग्न मोडलं हे तुला लिहायला माझा हात वळत नव्हता. मी परत नांदायला जाणार नाही, ताई. तुझा यात दोष नाही, आणि मला तुझा रागही नाही.

काल चौथा रविवार. धोतर दोरीवर टाकलं आणि अंबूबाई येऊन त्याचं टोक चाचपत उभी राहिली.

"बाई, चार आयतवार पाह्यलं म्या. या धोतराले ना मळ, ना घाम. काष्ट्याची चुणी भी नाही पडली. हे कोणी नेसलंच नाही."

जिचा जन्म लोकांचे कपडे आपटण्यात गेला, तिच्यापुढे मी कोरं धोतर वाळत घालत होते! आता बोचकं बांधायचं, एवढंच मनात आलं. विहिरीच्या काठावर बसून तिला सगळं सांगितलं, रुख्मिणीचंही. ती पिळे झटकत ऐकत होती. मग म्हणाली, "मले भाडं कोण देते? तूच देते ना? मंग पोरीले काऊन नाही आणलं?"

ताई, मी रडले, आणि मग मला भूक लागली. चार महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. अंबूबाईनं भाकर आणि ठेचा आणून दिला. जातीपातीचं तू विचारशील, तर मी तो खाल्ला.

तेव्हा पौर्णिमेच्या आत रुख्मिणीला घेऊन ये. फाटकाशी उतरलीस की मास्तरीणबाई कुठं राहतात एवढं विचार. धोतर मी काल संध्याकाळीच कापलं. आत जुनी लुगडी घालून तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. भाऊजींना म्हणावं, त्यांचं धोतर भाचीच्या अंगावर आहे, आळ मिटला.

पत्र हेडबाईंकडे पाठवू नकोस. माझा पत्ता असा लिही, आणि यात कोणाचं नाव राहून गेलं असं समजू नकोस:

कोकिळा मास्तरीण,
अंबूबाईची खोली, रेल्वे फाटकापलीकडे,
मलकापूर.