स्वल्पविरामासकट

१४ जानेवारी
पेपर झाला! चार पानं लिहिली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाणी गाळणाऱ्या वाळूचा प्रश्न दिसला तेव्हा बाकावरच हसू फुटलं. माझ्या खोलीतली ढापणी मागच्याच बाकावर. तिनेही तोच लिहिला.

हे यश तिचं, मान्य करायलाच हवं. माझ्या डोक्यात काही टिकत नाही. तीन आठवडे वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनपाशी तिने मला उभं करून सरांच्या पुस्तकातलं प्रकरण म्हणायला लावलं. मशीन फिरतंय, मी म्हणतेय, आणि ही चष्मा नाकावर सरकवत पुस्तक धरून. एक शब्द चुकला की "पुन्हा पहिल्यापासून". म्हटलं, अगं, अर्थ तोच आहे ना? तर म्हणे, "अर्थाला कोण मार्क देतं? स्वल्पविरामासकट पाठ कर." तिचं स्वतःचं तर अख्खं पुस्तक पाठ आहे. सरांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक ते – आपलीच वाक्यं परत वाचायला मिळाली तर माणूस खूशच होईल की.

२९ जानेवारी
सर खूश झालेले नाहीत.

कचेरीतून दोघींना पत्र. उत्तरं पुस्तकाशी जुळतात, एकमेकींशीही जुळतात, कॉपीचा संशय आहे, लेखी उत्तर द्या. मी पेटलेच. मोज्यात चिठ्ठ्या खुपसून नेणाऱ्या पोरी निराळ्या, आम्ही जन्मात कधी मान वळवली नाही. तसंच लिहून दिलं दोघींनी – कॉपी केलेली नाही.

संध्याकाळी ढापणी नियमांची पुस्तिका घेऊन बसली. वाचून झाल्यावर चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिली.
"आपल्याकडे कॉपी म्हणजे चिठ्ठी," ती म्हणाली. "यांच्या देशात दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न घालता लिहिलं की कॉपी. पाठ करून लिहिलं तरी."
"म्हणजे आपण खोटं लिहून दिलं?"
"हो."

२ फेब्रुवारी
कचेरीतल्या कारकून बाईंना गाठलं. कागदाला टाचणी लावता लावता त्यांनी हसून सांगितलं – एकीने दुसरीचं पाहून लिहिलं असेल तर पाहणारी जाईल, दोघींनी मिळून ठरवून केलं असेल तर दोघी जाल. जाल म्हणजे प्रवेश रद्द. प्रवेश नाही तर या देशात राहायचा परवानाही नाही. परतताना ढापणी रस्ताभर नियमांची पुस्तिका चाळत होती. मी मात्र नको तेवढी बडबडत होते.

आईचा फोन आला. अभ्यास कसा चाललाय? म्हटलं, मस्त. निघताना विमानतळावर आईने ढापणीचा हात धरला होता, "ही वेंधळी आहे गं, हिच्यावर लक्ष ठेव." ढापणी माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी, पण मान अशी डोलावली होती की जणू थोरली बहीण. आजही माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "काकू, मी आहे ना."

५ फेब्रुवारी
परवा चौकशी.

७ फेब्रुवारी
आधी तिला बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर! "काय विचारलं?" तर म्हणे, "फार काही नाही. तुझं पाठ आहे ते म्हण. घाबरू नकोस."

आत टेबलामागे तिघं. मधल्या बाई प्रमुख, शेजारी आमचे सर, आपली नखं बघत. पाठांतराला यांच्या भाषेत धड शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, मी म्हणूनच दाखवते. बाईंनी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. मी सुरू केलं. दीड पान झाल्यावर त्यांचं बोट थांबलं. सर हळूच म्हणाले, "पुस्तकात या वाक्यात माझी एक चूक राहिली आहे. तीही तुम्ही जशीच्या तशी म्हणालात." माझं त्यांना पटलं, हे स्पष्ट दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग बाईंनी विचारलं, "तुमची मैत्रीणही असंच पाठ करते का?"

हो म्हणायचं होतं. तीच शिकवते म्हणायचं होतं. पण कारकून बाईंचं 'दोघी जाल' डोक्यात घुमायला लागलं.

मी म्हटलं, "माहीत नाही."

जबाब टाईप झाला. सही केली. बाहेर आले तर ढापणी माझा कोट हातात घेऊन उभी. म्हणाली, "झालं ना नीट?" मी हो म्हटलं. तिथे मात्र हो लगेच आलं.

१२ फेब्रुवारी
निकाल. मला त्या पेपरात शून्य, पुन्हा बसायचं. ढापणीचा प्रवेश रद्द. पुढच्या बाकावरच्या उत्तरपत्रिकेत पाहून लिहिलं म्हणून. दोन आठवड्यांत देश सोडायचा.

तिने पत्र घडी घालून ठेवलं. म्हणाली, "चल, कपडे धुवून घेते, मशीन रिकामं असेल." मला वाटलं, चौकशीत ही घाबरून अडखळली असणार, एकदा अडखळली की हिला पुढचं काही सुचत नाही.

१३ फेब्रुवारी
उद्या कचेरीत जाऊन खरं काय ते सांगणार. नक्की.

१४ फेब्रुवारी
कचेरी बंद होती.

नव्हती. मी गेलेच नाही. निदान इथे तरी खोटं कशाला लिहू?

१९ फेब्रुवारी
तिची बॅग भरायला मदत केली. ती स्वेटरच्या घड्या घालत होती, मी समोर बसून. आता सांगते, आता सांगते, असं करत तासभर गेला. अखेर तोंडातून निघालं काय, तर "वजन जास्त होईल बघ." स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी काय सांगणार, विचारलं. तिची आई नर्स, लेकीचं कौतुक अख्ख्या वॉर्डाला सांगून झालेलं. ढापणी म्हणाली, "सांगेन, नाही जमलं." माझ्याकडे बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी
गेली. बसमध्ये चढताना म्हणाली, "जेवत जा वेळेवर." खोलीत तिचा पलंग उघडा पडलाय, नुसती गादी. दिवसभर मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

२४ फेब्रुवारी
समितीला पत्र लिहायला घेतलं. सहा ओळींना सगळी सकाळ लागली. ती पाहून लिहिणारी नव्हे. मला तिनेच शिकवलं. मी खोटं बोलले. मला काढून टाकलं तरी चालेल, तिला परत बोलवा.

२६ फेब्रुवारी
प्रमुख बाईंनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीने आत आल्या आल्याच सांगितलं होतं – मी तिच्या पेपरात पाहिलं, तिचा काही दोष नाही. आम्हाला ते पटलं नव्हतं. म्हणून तर तुम्हाला तो प्रश्न विचारला. तुम्ही हो म्हणाला असतात, तर दोघींना नुसता पेपर पुन्हा द्यायला लावणार होतो."

आता काहीच होणार नाही का, विचारलं. त्यांनी फाईल उघडून माझा जबाब माझ्यापुढे सरकवला. 'माहीत नाही', आणि खाली माझी सही.