आतड्याचा तुकडा आणि लासलगावची सून

मॅडम,

तुमची पद्धत मी मोडली, हे आधीच सांगून टाकते. तपासणीचा कागद पालथा ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते आधी सांगायचं आणि मगच रुग्णाची माहिती वाचायची, हे तुम्ही कॉलेजात आमच्या अंगवळणी पाडलं होतंत. एकदा मी कागद चोरून वाचला, तर "अगं, डोळे तुझे की त्या कागदाचे?" म्हणून सगळ्यांसमोर झापलंत, आणि दुपारी डब्यातल्या थालिपीठाचा मोठा तुकडा माझ्याच पुढे सरकवलात. रागावणं आणि जेवू घालणं तुम्हाला वेगवेगळं कधी जमलंच नाही. मला नोकरी लागली तेव्हा लेन्स पुसायला तुमच्या मऊ सुती साडीचा तुकडा दिलात. तो अजून माझ्या खणात आहे.

गेल्या महिन्यात लासलगावच्या एका बाईंच्या आतड्याचे तुकडे माझ्याकडे आले. दोन महिने ताप, वजन उतरत चाललेलं, गाठ कुठेच नाही. दुर्बिणीनं तपासणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, 'आतून सगळं ठीक'. मी तेच आधी वाचलं. आतड्याचं अस्तर पाहिलं, तेही ठीक वाटलं, आणि 'विशेष काही नाही' लिहून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी त्यांची सून रिपोर्ट घेऊन नाशिकला आली, लॅबच्या खिडकीशी उभी राहिली. "डॉक्टरीणबाई, यात काय नाय म्हणता, मग माझी सासू वाळत का चाललीय? कालपासून नातवाला बी वळखत नाय. परत बघा ना एकदा." मला राग आला, मॅडम. तरी स्लाइड पुन्हा लावली, या वेळी कागद पालथा ठेवून. अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी आले आणि हात थांबला. आत मोठाल्या, काळपट पेशी दाटीवाटीनं भरलेल्या, बाहेर एकही नाही. रक्तवाहिन्यांच्या आतच वाढणारा, मेंदूपर्यंतही पोचणारा लिम्फोमा हा कॅन्सर, तुम्हीसुद्धा आख्ख्या नोकरीत एकदाच पाहिलेला! खास रंग लावून खात्री केली, रिपोर्ट बदलला, केमो सुरू झाली. आता ताप उतरलाय, आणि बाई नातवाला नावानं हाक मारतात.

डॉक्टरांच्या बैठकीत माझं कौतुक झालं. मी तुमचं नाव घेतलं, पालथ्या कागदाची गोष्ट सांगितली. फार आठवण येते तुमची. तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायचं तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं. 'मला पुन्हा पाहावंसं वाटलं,' एवढंच मी तिथे म्हणाले, त्या सुनेबद्दल चकार शब्द काढला नाही. परवा ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.