खळ्यावर म्हणायचं नसतं

अप्पा, आज मी एका माणसाला समुद्रातनं बाहेर काढलं आणि त्यानं सगळ्यांदेखत मला झापलं. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून लिहायला बसले. मी समुद्रावर काय करते हेच तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा औरादच्या बाजारापलीकडं मी काही बघितलं नव्हतं. आता गोव्यात असते आणि वारा बघायचा मला पगार मिळतो. हसू नका, खरंच मिळतो. इथं लोक आपल्या पडवीएवढा कापडी पतंग वर सोडतात, त्याच्या दोऱ्या कंबरेला अडकवतात, पायाखाली फळी घेतात आणि वारा ओढील तसे पाण्यावरनं पळतात. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, "कामून गं, ह्यान्ला घरदार न्हाई का?" तर त्यांचा वारा वाढतोय का, फिरतोय का, आभाळ कुठनं उठलंय, हे किनाऱ्यावर उभं राहून बघायचं, आणि धोका दिसला की लाल निशाण लावून सगळ्यांना बाहेर काढायचं. हे माझं काम.

वारा बघणं मला नवं नाही म्हणा. त्या उन्हाळ्यात आपण खळ्यावर बसून दुसरं काय केलं? जवारीची मळणी झाली होती, दाणा आणि भुसकट एकात एक ढीग होऊन पडलं होतं, आणि उपणायला वारा नव्हता. तुम्ही, माय, आत्या आणि मी, चौघंही रोज सकाळी जाऊन बसायचो. तुम्ही चिमूटभर भुसकट वर धरून सोडायचा, ते सरळ पायावर पडायचं. मग तुम्ही शीळ घालायचा, वाऱ्याला बोलवायला. आत्या म्हणायची, "म्हस हाय का ती, शीळ घातली की यायला?" आणि तुम्ही तिला चिडवायला आणखी मोठ्यानं घालायचा. तेवढे दिवस आपण फार हसलो, अप्पा. मला ते हसणं आठवलं की आधी बरं वाटतं आणि मग पुढचं आठवतं.

त्या दिवशी दुपार टळली तशी होती ती झुळूकही थांबली. माळावर पान हलेना, बैलांनी चघळायचं सोडून माना वर केल्या. आणि एकदम उदगीरच्या बाजूनं गार वारं आलं. तुम्ही उठलातच. "आलं गं, आलं! भरा पाट्या, भरा!" धोतर खोचून तुम्ही तीन पायांच्या उंच तिवईवर चढताय, माय खालनं पाटी देतेय, तुम्ही ती डोक्याच्या वर धरून हलवताय, आणि दाणा सरळ खाली, भुसकट पार बांधापर्यंत उडतंय. इतक्या दिवसांनी असं वारं मिळाल्यावर कुणाला भान राहील? तुमच्या पाठीमागं आभाळ काळं झालेलं मला दिसलं. लांब कुठंतरी गडगडलं. मला भीती वाटली आणि मी ओरडले, "अप्पा, पुरे करा आता, उतरा की!"

आत्यानं तोंडावर हात ठेवला. खळ्यावर पुरे म्हणायचं नसतं, संपलं म्हणायचं नसतं, हे मला लहानपणापासनं माहीत होतं. दाणा संपला तरी आपल्यात वाढला म्हणतात. तुम्ही वरनंच दरडावलं, "खळ्यावर असं म्हणायलीस व्हय गं? घरात आल्याली लक्ष्मी तू हाकलायलीस? जिभेला काय हाड हाय का तुझ्या?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रागानं घागर उचलली आणि विहिरीकडं निघाले. बांध ओलांडला असेल नसेल, तोच सगळं पांढरं झालं आणि कानठळ्या बसल्या. मागं वळून बघितलं तर तिवई उभी होती, वर तुम्ही नव्हता.

मग पाऊस आला. माय तुमच्यावर पडून होती. भिजलेली जवारी भरायला कुणी गेलं नाही, ती तिथंच पडून राहिली, तिला कोंब आले. तुमचे दिवस होईपर्यंत आत्या माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर म्हणाली, "हिनंच पुरे म्हटलं खळ्यावर. म्हटलं आन् झालं." मी मायकडं बघितलं. ती वाढत होती. तिनं मान वर केली नाही. आत्याचं मला फार वाटलं नाही, अप्पा, ती तुमची बहीण, तिला कुणावर तरी राग काढायचा होता. पण माय एक शब्द बोलली असती तर!

पुढं माझं लग्न मंठाळला झालं. तिथं दोघांना पुरेल असं काम नव्हतं. मुकादमानं सांगितलं म्हणून इथं बांधकामावर आलो, मग मी या पतंगवाल्यांच्या शाळेत झाडलोटीला लागले. खारं पाणी धुऊन पतंग वाळत घालायचे आणि आभाळ बघत बसायचं. मालकीण एक दिवस म्हणाली, तू सारखी वर काय बघतेस? मी वाळूची चिमूट सोडून दाखवली. ती खो खो हसली. म्हणाली, वाळूला काय वारा कळतो! मग तिनंच सगळं शिकवलं. सकाळी कॉम्प्युटरवर अंदाज बघायचा, ढग कुठं जमतायत त्याची चित्रं बघायची. हातातल्या यंत्रानं वारा मोजायचा, आणि नुसता किती आहे ते नाही, मधेच किती उसळतो ते. समुद्राकडनं येणारा वारा माणसाला किनाऱ्याला आणतो, जमिनीकडनं सुटलेला आत घेऊन जातो. आणि सगळ्यात वाईट कुठला, तर वारा अचानक पडतो, डोंगराकडं काळं दिसतं, आणि मग एकदम गार झोत येतो, तो. दिवसभर वाट बघून कंटाळलेले लोक त्या झोताला खुश होऊन पाण्यात शिरतात, ती म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे.

आज तसंच झालं. पुण्याचा माणूस, तुमच्याच वयाचा. सुट्टी काढून आलेला, आणि आल्यापासनं वाऱ्याचा पत्ता नाही. दुपारी थोडा आला, सगळे पाण्यात गेले. मग पडला. घाटाकडं ढग चढले होते, यंत्राचा आकडा खाली आला आणि माझ्या मानेवर मागनं गार लागलं. मी लाल निशाण चढवलं, शिट्टी फुंकली. बाकीचे मुकाट बाहेर आले. हा मात्र त्या झोतावर असा सुटला होता की बघत राहावं. मला हात करून सांगतोय, थांब, थोडंच! मी कंबरेइतक्या पाण्यात गेले. मला पोहता येत नाही, अप्पा. गाल दुखेपर्यंत शिट्टी फुंकली, दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवत राहिले. अखेर तो वळला. आम्ही पतंग खाली घेतला, सगळ्यांना छपरात बसवलं.

आणि काही झालं नाही. चार थेंब पडले, ढग दक्षिणेकडं सरकले, ऊन पडलं. वीज तर नाहीच नाही. तो उठून माझ्यासमोर आला. "मला मिळालेला एकच दिवस तू फुकट घालवलास. काय कळतं गं तुला?" लालबुंद झाला होता, केसांतनं पाणी गळत होतं, आणि मी त्याच्याकडं बघतच राहिले. मग छपरामागं जाऊन हमसून हमसून रडले. मालकिणीला वाटलं, बोलणं लागलं. तसं नव्हतं. मला वाटलं, खळ्यावरही असंच व्हायला हवं होतं. तुम्ही उतरला असता, आभाळ आलं तसं निघून गेलं असतं, चांगलं वारं फुकट गेलं म्हणून तुम्ही मला भरपूर बोलला असता. जन्मभर चिडवलं असतं, जावयासमोर, नातवंडांसमोर, की ही बघा, हिनं माझं वारं घालवलं. माझं म्हणणं खोटं पडायला पाहिजे होतं, अप्पा. एवढंच हवं होतं मला. कामून नाही ऐकलंत?

वीज कशी पडते ते मला आता कळतं. मोकळा माळ, त्यात तुम्ही सगळ्यात उंच उभे, आभाळ डोक्यावर. आपल्या बोलण्याशी तिचा काही संबंध नसतो. शिकायला येणाऱ्यांना मी हे रोज सांगते आणि ते माना डोलावतात. पण त्या दिवसानंतर खळ्यावरचा तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. निशाण आहे, शिट्टी आहे, माझं काम अडत नाही. जेवताना कुणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरते. नवऱ्याला वाटतं, ही माझ्या माहेरची रीत.

हे पत्र टाकायचं कुठं? म्हटलं, समुद्राकडं तोंड करून मोठ्यानं वाचावं, तेवढंच तुमच्यापर्यंत जाईल. दिवस मावळताना जाऊन बसले, वाचायला लागले. भुसकट बांधापर्यंत उडतंय तिथवर नीट वाचलं. मी तुम्हाला काय ओरडले ती ओळ आली, आणि तोंड उघडेना. कागद घडी करून परत घेऊन आले.